अंगाला न बसलेला रंग

नवस, अंगारे, गंडेदोरे यांची टिंगल करण्यात माझा हात कुणी धरला नसता... आजही उदबत्तीच्या धुराने मला फक्त शिंका येतात. तरी हे लिहितोय.

साठ सालाच्या आसपासची गोष्ट. आम्ही दौंडला, भीमेच्या बाजूला राहायचो. धाकटी बहीण शकू तापाने अंथरुणाला खिळली तेव्हा आईने नवस बोलला – पोरगी वाचू दे, थोरला तीन वर्षं मोहरमात वाघ होईल. शकू वाचली. आमच्याकडे हिंदूंची पोरंही वाघ व्हायची. हुसेनचाचा रंगारी अंगभर पिवडीचा पिवळा रंग फासायचे, त्यावर काजळीचे पट्टे, डोळ्यांभोवतीचा रंग सगळ्यात शेवटी. मग हलगीवर नाचायचं. अट एकच – ताबूत नदीत थंड होईपर्यंत, म्हणजे त्याचं विसर्जन होईपर्यंत, रंग धुवायचा नाही.

तिसऱ्या वर्षी नेमकं ताबूत निघायच्या दिवशीच, दुपारी रेल्वेच्या भरतीचं बोलावणं आलं. साहेबासमोर काय वाघ होऊन उभा राहणार? रॉकेल आणि साबण घेऊन खसाखसा रंग काढला. आईला सांगितलंसुद्धा नाही... शहाणा ना मी!

परत आलो तर शकू तापाने फणफणलेली. आई माझ्या धुतलेल्या तोंडाकडे बघतच राहिली.

"आरं, काय केलंस रं हे? पळ, चाचाकडं जा. ताबूत न्हाई गेला अजून."

चाचांनी कुंचला उचलला. छातीवर पिवडी लावली... ओघळून खाली. पुन्हा लावली, पुन्हा तेच. राखेने अंग घासलं, कोरडं पुसलं. तरी रंग ठरेना.

"रॉकेलमुळं असंल, चाचा."

त्यांनी स्वतःच्या हाताला रॉकेल चोळलं, साबणाने धुतलं, त्याच वाटीतला रंग लावला. लगेच बसला.

"चाचा, कायतरी करा हो..." मी रडायलाच लागलो.

"चार येळा लावला, बाळा. मला बी न्हाई कळत."

हलगी नदीकडे निघून गेली, तरी चाचा लावतच होते.

तिसऱ्या दिवशी शकू गेली. नऊ वर्षांची होती.

ताप उलटला असेल, म्हणाल. असेलही. पण तो रंग? नोकरी मिळाली, तिचीच पेन्शन आज खातोय. पुढे लग्नात हळद लागली, ती बसली. रंगपंचमीला नातवंडं तोंड रंगवतात, तेही बसतं. त्या दिवशीच का नाही, हे मला अजून कळलेलं नाही.

नातवंडांनी लावलेला रंग मी धूत नाही. आठ-आठ दिवस तसाच बाजारात जातो. लोक हसतात.