इर्याच्या मापाची बंदूक

आमच्या उत्तरेकडच्या रानातल्या गावात नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला हरणांची शिकार सुरू होते आणि शाळेला चक्क सुट्टी असते. त्याआधी महिनाभर, मी काम करायचे त्या लोखंडी सामानाच्या दुकानात, बंदूक घ्यायला बापांबरोबर आलेल्या पोरांची रीघ. मी खिळे आणि रंगांच्या बाजूला उभी असायचे, बंदुकांच्या बाजूला रेइनो हौताला. साठी उलटलेले, लाकूड गिरणीतून निवृत्त झालेले.

पोराला किंवा पोरीला ते हात कोपरात दुमडायला लावत. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला लावायचा लाकडी भाग, कोपराच्या आत टेकवायचा आणि बोट चापावर सहज पोचतं का बघायचं. नाही पोचलं, तर बंदूक परत कपाटात.

"अहो, वाढेल की ती! दोन वर्षांत बसेल मापात," एकदा एक बाप म्हणाला.

"बूटही दोन वर्षांनी बसणारे घालता का तिला?" रेइनो म्हणाले. "तोवर ती बंदुकीला भ्यायला शिकेल. मग ते जात नाही."

लोकांना वाटायचं, म्हातारा चक्रम आहे. मला कारण ठाऊक होतं. त्यांची मुलगी इर्या माझ्याच वर्गातली.

इर्याची आई लवकर गेली. बापलेक दोघंच. इर्या चणीनं इतकी लहान की चौदाव्या वर्षीही तिला दहाची समजायचे. त्या वर्षी रेइनोंनी तिच्या हातात आपल्या वडिलांची बंदूक दिली. लांब, जड, मोठ्या गोळीची. हौतालांच्या घरात सगळे त्याच बंदुकीवर शिकले होते.

सरावाला खडीच्या खाणीत पहिलीच गोळी झाडली आणि धक्क्यानं बंदुकीवरची दुर्बीण येऊन तिच्या भुवईवर आदळली. रक्ताची धार लागली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तेव्हा भुवईला तीन टाके होते.

"दुखतंय का गं?" मी विचारलं.

"नाही. पण चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात माझे. बाबांना सांगू नकोस."

शिकारीच्या पहिल्या दिवशी तिनं एका हरणीच्या पोटात गोळी घातली. हरणी पडली नाही. बर्फातल्या रक्ताच्या थेंबांमागे बापलेक दिवसभर चालले, दलदलीशी माग संपला. संध्याकाळी शिकाऱ्यांच्या खोपटात सगळे कॉफी पीत बसले होते. रेइनो थकले होते, चिडलेही होते.

"डोळे मिटून गोळी झाडते आमची बाई," ते म्हणाले. "हिच्या अंगातच नाही ते."

माणसं हसली. इर्या दारात बूट काढत उभी होती.

त्यानंतर ती रानात गेली नाही. ती रुसली नाही, भांडलीही नाही. पण 'मला नाही जमायचं' हे तिच्या तोंडी बसलं. नर्सिंगला नाव घातलं आणि परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सोडलं. एका चांगल्या माणसानं मागणी घातली, त्यालाही नाही म्हणाली. तासाभरावरच्या गावात शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. महिन्यातून एकदा घरी यायची. बापलेक कॉफी प्यायचे आणि किती बर्फ पडलं यावर बोलायचे.

रेइनो दुकानात लागले त्या वर्षी एक ठेंगणी विधवा आली. तिची एकही गोळी निशाणावर लागेना. रेइनोंनी सहज म्हणून तिचा दस्ता दोन बोटं कापला, दुर्बीण पुढे सरकवली, हलकी गोळी दिली. खाणीत नेऊन बघितलं, तर बाईनं बशीएवढ्या जागेत तीन गोळ्या घातल्या. बाई खुशीत गेली. रेइनो दुकानात परत आले ते पांढरेफटक पडून.

"पोरीत काही खोट नव्हती गं," ते मला म्हणाले. "बंदूकच तिची नव्हती."

"मग सांगा ना तिला."

"आता काय सांगायचं? तीस वर्षं होत आली."

त्यांनी सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात अक्रोडाच्या लाकडाचा एक आखूड दस्ता मात्र घडवला. इर्याची आणि माझी चण एकच, म्हणून माप माझ्या हाताचं घेतलं. मग तो फडक्यात गुंडाळून ठेवून दिला. दोन नाताळ गेले. दर वेळी मी विचारायचे, "दिलात?" आणि ते म्हणायचे, "या खेपेला राहिलं."

मग इर्याला कर्करोग निघाला. कळलं तेव्हा फार पुढे गेला होता.

इस्पितळात बंदूक नेता येत नाही, म्हणून ते नुसता दस्ता घेऊन गेले. मी गाडी चालवत होते. त्यांनी तो तिच्या पांघरुणावर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं, खिडकीकडे बघत.

इर्यानं दस्त्यावरून बोटं फिरवली.

"बाबा, हे तुम्हाला कधी कळलं?"

"तीन वर्षं झाली."

"तीन वर्षं," ती म्हणाली. "मी तर नर्सिंगच्या परीक्षेलाही बसले नाही. वाटलं, ऐन वेळी डोळे मिटायचे माझे."

 मग तिनं दस्ता उचलून खांद्याला लावला. मी खालून आधार दिला.

"बसतोय," ती म्हणाली. "अगदी बरोबर बसतोय, बाबा."

तिनं माफ केलं का, मला माहीत नाही. ती तसं म्हणाली नाही आणि त्यांनी विचारलं नाही. एप्रिलमध्ये, सरोवरावरचं बर्फ फुटायच्या आत, ती गेली.

दफनानंतर आठवड्यानं रेइनो दुकानात आले, कोट न काढताच माझ्यासमोर उभे राहिले.

"तू तिच्या वर्गात होतीस ना? शाळेत कशी होती गं ती? हसायची का?"

मी दुकानाचं दार लावून घेतलं, त्यांना बसवलं आणि आठवेल ते सगळं सांगितलं. तिचं हसणं, तिचं अक्षर, बर्फावर घसरताना ती मारायची ती आरोळी. ते मान खाली घालून ऐकत होते. अर्ध्या तासात माझं सांगून संपलं. ते आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून तसेच बसून राहिले.