विसरभोळे महापुरुष

आमच्या बाबांचा थोर शास्त्रज्ञांवर फार जीव. कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर असताना ते एसटी स्टँडवरून दोन-दोन पानी चरित्रांची पुस्तकं आणायचे आणि रविवारी आंघोळ झाली की मला उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे. साचा एकच. लहानपणी मास्तरांनी ढ ठरवलेलं, रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास आणि मोठेपणी कमालीचा विसरभोळेपणा. एकानं अंडं समजून घड्याळ उकळलं, दुसऱ्याला आपण जेवलो की नाही हेच आठवेना. शोध काय लावला ते शेवटच्या दोन ओळींत उरकलेलं. मला विज्ञान कधी कळलं नाही, पण त्या घड्याळाची काळजी मी पुष्कळ केली.

विसरणं म्हणजे बुद्धीचं लक्षण, हे मात्र घरात पक्कं झालं. मी शाळेत डबा विसरलो की आई रागवायची आणि बाबा कौतुकानं बघायचे. एवढ्या बुद्धीवर मी पुढे अमरावतीला राजापेठेत मोबाईल कव्हरचं दुकान टाकलं.

काही वर्षांपूर्वी अकोल्यात, जठारपेठेतल्या घरी, बाबांनी एकाच सकाळी दोनदा भाजी आणली. आई म्हणाली, आता काहीतरी शोध लागणार. मग त्यांचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. मी त्याचा फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, ‘आमचे शास्त्रज्ञ’. सगळे पोट धरून हसले. वर्षभर आम्ही असं कौतुक करत राहिलो. एक दिवस ते कधीच्या बंद पडलेल्या जिनिंगच्या फाटकाशी ड्युटीवर हजर झाले, तेव्हा कुठे आम्ही डॉक्टर गाठला. हे कधीपासून, असं डॉक्टरांनी विचारलं. मी ग्रुपवरच्या चष्म्याच्या फोटोची तारीख बघून सांगितली.

आता दर रविवारी मी अकोल्याला जातो आणि तीच चरित्रं वाचून दाखवतो, बसून. बाबांना प्रत्येक वेळी ती नवी वाटतात. इतका चांगला वाचक त्या लेखकाला दुसरा मिळायचा नाही. परवा जेवण विसरणाऱ्याचं चरित्र निघालं. ऐकता ऐकता बाबा गंभीर झाले.

“याच्या घरी कोनी नव्हतं काय?”

“होते ना बाबा, सारेच होते.”

“मग त्याले दवाखान्यात काहून नाई नेलं?”

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मला ते माहीत होतं. घरचे तेव्हा हसत होते.