फोर्ड ऊर्फ किनाव

अट्राक्टा फोर्डनं आमच्या गावात सत्तावीस वर्षं टपाल वाटलं. आधी सायकलवर, मग हिरव्या गाडीतून. त्याच कचेरीत मी पोस्टमास्तर, त्यामुळे रोज सकाळी सातला पत्रं लावायला आम्ही दोघं समोरासमोर उभे असायचो.

आमच्या आयर्लंडात लॉक ॲलन तळ्याच्या काठी एकेका आडनावाची इतकी घरं, की पाकिटावर नुसतं 'जॉन फ्लिन' असलं तर ते अकरा दारांपैकी कुठलंही निघू शकतं. म्हणून आमच्याकडे माणूस बापाच्या आणि आज्याच्या नावानं ओळखला जातो. जॉन पॅट मायकल, म्हणजे मायकलच्या पॅटचा जॉन. अट्राक्टाला हे सगळं तोंडपाठ होतं. अमेरिकेचं पाकीट उचलून ती सांगायची, "हे लाल पॅटच्या जॉनचं. पत्त्यातल्या अक्षरांना एवढी लांब शेपटी त्याचीच बहीण काढते."

तिच्या स्वतःच्या आडनावाचं घर मात्र गावात एकच होतं. आडनाव इंग्रजी, म्हणून शाळेपासून तिला एक टोमणा चिकटलेला: फोर्ड म्हणजे तीनशे वर्षांपूर्वी आयर्लंड जिंकायला आलेल्या इंग्रज सेनापती क्रॉमवेलच्या फौजेबरोबर आलेले उपरे. माझं आडनाव स्मिथ, तेही इंग्रजीच. पण मी शेजारच्या कॅव्हन परगण्याचा, आणि तिथलं शेंबडं पोरही सांगेल की स्मिथ म्हणजे मूळचे मॅक गावन, लोहाराची लेकरं, इंग्रज अमदानीत भाषांतर होऊन स्मिथ झालेली. फोर्डांचं मूळ कुणी सांगू शकत नव्हतं.

तिचे वडील नेड तेव्हा शहाऐंशीचे होते. चाळीस वर्षं खाणीत कुशीवर पडून कोळसा फोडला होता त्यांनी; एक खांदा कायमचा खाली गेलेला. अट्राक्टा नऊ वर्षांची असताना तिची आई क्षयानं गेली. आईचं माहेर गिलरनांचं, म्हणून तिला तळ्याकाठच्या जुन्या दफनभूमीत गिलरनांच्या कबरीत ठेवलं. त्या कबरीत आता जागा नव्हती. पण नेडचं म्हणणं साधं होतं. "माझा आजा फेलिम तिथंच आहे, भिंतीकडच्या बिनअक्षरी दगडाखाली. त्याच्या आणि तुझ्या आईच्या मधे मी मावेन कुठंतरी."

एकोणीसशे त्र्याऐंशी साली वसंतात गावाच्या समितीनं ठरवलं की जुन्या दफनभूमीत जागा संपत आली, यापुढे तिथं फक्त जुन्या घराण्यांनाच पुरायचं. थडग्यांवरची नावं वाचून त्यांनी तेरा घराण्यांची यादी केली आणि चर्चच्या दारावर लावली. बारा नावांपुढं आजचे वारस लिहिलेले होते. तेराव्यापुढं लिहिलं होतं, 'किनाव: वंश संपला.' फोर्ड हे नाव यादीत नव्हतं.

समितीचा अध्यक्ष थेडी मॅकपार्टलिन; खिळे आणि कुंपणाच्या तारा विकायचं त्याचं दुकान होतं. अट्राक्टा टपाल द्यायला गेली तेव्हा दुकानात चारपाच माणसं होती.

"थेडी, बाबांचं नाव यादीत घाल."

"कशाच्या जोरावर?"

"आमचा फेलिम आहे तिथं. भिंतीकडच्या दगडाखाली."

"कोरे दगड माझ्या परसात पण शंभर आहेत," थेडी म्हणाला. "हे बघ, नेड माणूस लाखात एक. पण रीत ती रीत. तुम्ही लोक आलात क्रॉमवेलच्या घोड्यांमागून. तीनशे वर्षं झाली, कबूल. पण आलात."

माणसं हसली. अट्राक्टानं बिलाचं पाकीट काउंटरवर ठेवलं. "घोड्यांबरोबर आलो असतो, तर एखादा घोडा तरी उरला असता आमच्या दारात," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

कचेरीत आली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.  दुसऱ्या दिवशी तिनं वडिलांना स्वयंपाकघरात चुलीपाशी बसवलं आणि पिढ्या मोजायला सांगितल्या. नेडनी डोळे मिटून सात नावं घेतली. ह्युईचा नेड, फेलिमचा ह्युई, फॅरेलचा फेलिम, आणि असं मागं मागं जात पांढऱ्या ब्रायनपर्यंत. तिनं ती तारेच्या कोऱ्या फॉर्मच्या पाठीवर उतरवून घेतली.

"आणि आडनाव?" तिनं विचारलं.

"आडनाव कोण सांगणार? सगळे घरचेच."

मग ती फादर गॅलोगलींकडे गेली. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या त्यांच्या बैठकीच्या खोलीत कपाटात होत्या. काहींच्या कडा उंदरांनी खाल्लेल्या. फादरनी तिला खिडकीजवळचं टेबल दिलं. त्या दिवसापासून रोज दुपारी टपाल वाटून झालं की ती तिथं जाऊन बसायची. फिकट शाई, वाकडंतिकडं अक्षर, पण इतकी वर्षं लोकांचे पत्ते वाचलेले डोळे होते ते.

दुसऱ्या आठवड्यात तिला अठराशे तेहतीस सालची ब्रिजेट सापडली. बाप फॅरेल फोर्ड, आई सिबी मल्व्ही, वाडी डेरिनाह. फोर्डांचीच वाडी, नेडनी सांगितलेलाच फॅरेल. पण त्याचा थोरला फेलिम, ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो कुठल्याच फोर्डच्या नावावर नव्हता. तेव्हा तिनं आडनाव बघणं सोडलं आणि फक्त आईबापांची नावं वाचत मागं गेली. एकोणतीस सालात फेलिम मिळाला. आई सिबी मल्व्ही. वाडी डेरिनाह. बाप फॅरेल किनाव.

ती तशीच कचेरीत आली. कोटाची बटणंसुद्धा लावली नव्हती.

"बार्नी, माझ्या खापरपणजोबांचं आडनाव चार वर्षांत बदललं."

"लिहिणारा बदलला असेल," मी म्हणालो.

तसंच होतं. मधल्या काळात नवा धाकटा धर्मगुरू आला होता आणि त्यानं ऐकली तशी आयरिश नावं इंग्रजीत बसवली होती. फादर गॅलोगलींना आयरिश येत होतं. त्यांनी मूळ नाव लिहून दाखवलं: मॅक कॉन्हनावा. अर्थ, पोहणाऱ्या शिकारी कुत्र्याचा वंशज. जुन्या काळी शूर माणसाला शिकारी कुत्रा म्हणणं हा आमच्यात मोठा मान होता. पण त्या नावाचा शेवट आयरिशमधल्या दुसऱ्याच एका शब्दासारखा ऐकू येतो. तो शब्द म्हणजे नदीचा उतार, पायी पाणी ओलांडायची जागा. उताराला इंग्रजीत फोर्ड म्हणतात. कुणीतरी अर्धवट कानानं ऐकलं, अर्थ लावला, आणि लेट्रिम परगण्यातले कितीतरी किनाव फोर्ड झाले.

मला वाटलं, काम झालं. तिला वाटलं नाही. "थेडी म्हणेल, दोन फॅरेल असतील. मी त्याच्या जागी असते तर मीही म्हणाले असते." ती परत त्या टेबलापाशी जाऊन बसली आणि आता लग्नांची वही काढली. नवरानवरीची नावं सगळेच बघतात. तिनं कोपऱ्यातले साक्षीदार वाचायला घेतले, एकेक करून. आणखी तीन आठवडे गेले.

समितीची बैठक शाळेत होती, गुरुवारी संध्याकाळी पाचला. बाकं भरली होती. नेड निळा सूट घालून पहिल्या रांगेत बसले होते. अट्राक्टा टपालाच्या गणवेशातच उभी राहिली. फादरनी वह्या आणल्या होत्या. तिनं आधी ब्रिजेटची नोंद वाचली, मग फेलिमची, मग नावाचा अर्थ सांगितला.

मागून कुणीतरी बोललं, "म्हणजे तुम्ही कुत्र्याची औलाद झालात की अट्राक्टा."

"पोहणाऱ्या कुत्र्याची," ती म्हणाली. "तू काठावरच बस."

हशा ओसरल्यावर थेडी उठला. आवाजात खोच नव्हती, पण माघारही नव्हती. "वाडीत दोन फॅरेल नव्हते कशावरून? एक किनाव, एक फोर्ड?"

"आणि दोघांची बायको सिबी मल्व्ही?"

"नावं काय, सारखी असतात. तूच रोज सांगतेस."

"खरंय," अट्राक्टा म्हणाली. "म्हणून हे आणलं." तिनं लग्नांची वही उघडून त्याच्यापुढं धरली. "चौतीस साल. फॅरेलच्या बहिणीचं लग्न. साक्षीदाराचं नाव तूच वाच थेडी, मोठ्यानं."

थेडीनं चष्मा लावला. ओळीवरून एकदा बोट फिरवलं, पुन्हा फिरवलं. "फॅरेल फोर्ड," त्यानं वाचलं आणि थांबला. "फोर्ड ऊर्फ किनाव. डेरिनाह."

 मग थेडीनं खिशातून पेन काढलं, समोरच्या यादीवर वाकला आणि तेराव्या ओळीतलं 'वंश संपला' खोडून टाकलं. पुढं ठळक अक्षरात लिहिलं: नेड फोर्ड, डेरिनाह.

"यादीतल्या सगळ्यात जुन्या दगडावरचं नाव आहे हे," तो सगळ्यांकडे बघून म्हणाला. "मॅकपार्टलिनांच्या दगडाहून साठ वर्षं जुनं. आमच्या आधीपासून हे इथं आहेत. मी चुकलो."

लोक उभे राहिले, टाळ्या सुरू झाल्या. अट्राक्टाला काय करावं कळेना, ती वहीची फीत बांधत राहिली. तिची मान मात्र अशी ताठ मी आधी कधी पाहिली नव्हती.

"मग आता तुम्हाला किनाव म्हणायचं का नेड?" फादरनी विचारलं.

"शहाऐंशी वर्षं फोर्ड म्हटल्यावर वळून बघतोय," नेड म्हणाले. "आता मान दुखते. पोरीला काय ते विचारा."

ऑगस्टात दफनभूमीचा रविवार आला, त्या दिवशी बाहेरगावचे सगळे आपापल्या कबरींवर येतात. अट्राक्टानं लीड्सला, बॉस्टनला, ग्लासगोला, जिथं जिथं फोर्डांचे पत्ते होते तिथं पत्रं टाकली होती. एक्केचाळीस माणसं आली. किनावांचा दगड शेवाळ काढून स्वच्छ धुतला होता. बॉस्टनची एक वयस्कर बाई त्या अक्षरांवर तळवा ठेवून बराच वेळ उभी राहिली. नेड काठी टेकत प्रत्येकाजवळ गेले, हात धरून विचारू लागले, "तू कुणाचा? तू कुणाची?" आणि उत्तर ऐकून त्या माणसाला त्याच्या आज्याचं, पणज्याचं नाव सांगत गेले.

जेवण शाळेत होतं. एवढी माणसं येतील असं अट्राक्टाला वाटलं नव्हतं. तीन वाजायच्या आत पाव आणि मांस दोन्ही संपलं. तेवढ्यात थेडी मॅकपार्टलिन आणि त्याची बायको दारातून आत आले. दोघांच्या हातात डुकराची एकेक उकडलेली अख्खी मांडी होती, अजून वाफाळणारी.

"सुरी कुठंय?" थेडीनं विचारलं, आणि कोट काढून तो पाहुण्यांना वाढायला लागला.