बाबांची खोली, होती तशी

आमची ताई आधुनिक फ्रेंच साहित्याची अभ्यासक. जागा आणि आठवण हा तिचा विषय. कादंबरीतली माणसं जुन्या घरात परत गेली की त्यांना काय काय आठवतं, यावर तिनं जाडजूड पुस्तक लिहिलंय. वाचलं किती जणांनी, ते विचारू नका. ती शिकवते त्या वर्गातली पोरंसुद्धा हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

बाबा माझ्याकडे असतात. हल्ली सगळं विसरतात. सकाळचा चहा झाला की सुरू, "मला घरी सोड." अहो बाबा, हेच घर! सांगून सांगून माझ्या तोंडाला फेस आला. दार उघडं दिसलं की निघालेच. परवा तर पोलिसांनी चौकातून आणून सोडलं. मग मी फोनवर ताईवर भडकलेच, "एवढं लिहितेस, आता काहीतरी कर ना! माझ्यानं नाही होत."

ती खरंच आली आणि माझ्याकडच्या बाबांच्या खोलीतलं सामान सरकवत सुटली. जुन्या घरातली आईबाबांची खोली तिला जशीच्या तशी हवी होती. पलंग खिडकीला आडवा, आरसा कपाटाशेजारी, पडदे हिरवे.

"कपाट उजवीकडे होतं ना गं?"

"मला काय माहीत? मी तेव्हा रांगत होते!" माझं टाळकं सटकलं होतं. पडदे बदलून कधी माणूस ताळ्यावर येतो का?

पण आला की! बाबा आत गेले, पायानंच चपला पलंगाखाली सारल्या आणि ऐसपैस बसले. घरी जायचं नावच नाही. ताईला तर आभाळ ठेंगणं झालं.

तेवढ्यात बाबांनी विचारलं, "तुमची आई कुठाय?"

आई जाऊन कितीतरी वर्षं झाली. माझ्या घरात त्यांनी कधी तिची चौकशी केली नव्हती. ताई उगाच पडद्याच्या चुण्या सारख्या करायला लागली. शेवटी मीच म्हटलं, "बाहेर गेलीय." तेव्हापासून रोज तेच. अजून कशी आली नाही? ताट वाढलं तरी हात लावत नाहीत, तिच्यासाठी थांबतात. मी वैतागते, ओरडते, मग मोरीत जाऊन रडते.

आठवड्यानं ताई परत आली. "चुकलं गं माझं. पुस्तकात हे सगळं किती छान वाटतं," असं म्हणत ती पलंग ओढायला लागली. बाबांनी तिचं मनगट धरलं.

"नको हलवूस, पोरी. ती आली तर तिला खोली ओळखू यायची नाही."