धाकटीच्या घरचा सण

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या बाईला सगळे मिस्त्रीणबाई म्हणत. सण जवळ आला की तिच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. घरोघरी नवे कपडे शिवले जात. कुणाच्या मशीनचा टाका सुटे, कुणाचा दोरा तुटे. देव न मानणाऱ्या बाईचं पोट देवाच्या सणावर चालतं, हा विनोद ती स्वतः सांगायची. दुसऱ्याने सांगितलेला मात्र तिला खपत नसे.

देव तिने तरुणपणीच सोडला होता. रुसवा नाही, भांडण नाही. एकदा प्रार्थनेला बसली असताना वाटलं, आपण भिंतीशी बोलतोय. झालं. तेव्हापासून सणाच्या दिवशी ती पाय पसरून पेपर वाचायची आणि नवरा घोरायचा.

धाकटी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची. तिच्याकडे सणाला दारात चपलांचा ढीग पडे. आधी प्रार्थना, मग गाणी, मग पंगत. मिस्त्रीणबाईची मुलगी आणि जावईही तिकडेच जात. जाऊ देत, माझं काय जातंय, असं ती म्हणायची. पण एकदा नात सहज बोलून गेली, की मावशीआजीचं ते सणाचं घर आणि तुझं रोजचं घर. पोरीच्या मनात काही नव्हतं. मिस्त्रीणबाईच्या मात्र पोटात दुखायला लागलं ते थांबेना. धाकटीच्या खिडकीतले नवे पडदेसुद्धा तिच्या डोळ्यांत खुपू लागले.

पुढच्या सणाला तिने घर रंगवून घेतलं, ताटं मागवली आणि ऐन सणाच्या संध्याकाळी सगळ्यांना जेवायला बोलावलं. प्रार्थना नाही, नुसतं जेवण. लोक आले. मुलाखतीला आल्यासारखे ताठ बसले, स्वयंपाकाची तोंडभर स्तुती केली आणि हात धुतल्याबरोबर एकेक जण उठला. सगळ्यांचे पाय धाकटीच्या गल्लीकडे वळले. थोड्या वेळाने नवराही पायात चपला सरकवू लागला. म्हणाला, गाणी तरी ऐकून येतो.

मग तीही गेली. पण बाहेरच्या खोलीत न बसता थेट स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागली. धाकटी मागोमाग आली.

"तुझं बरं आहे," मिस्त्रीणबाई म्हणाली. "तुला देव आहे. त्याच्यामुळे माणसं येतात."

धाकटीने दार लोटून घेतलं. "ताई, आई गेल्यापासून मला प्रार्थनेत काहीच वाटत नाही. नुसते ओठ हलवते."

"मग हे सगळं कशाला करतेस?"

"नाही केलं तर सगळे एकत्र बसायचे कधी?"

मिस्त्रीणबाईला खरं तर हायसं वाटायला हवं होतं. उलट तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इतकी वर्षं श्रद्धेला दोष देऊन ती मनाची समजूत घालत होती. आता तोही आधार गेला. दोघींच्या कपाळी सारखाच रिकामेपणा आणि घर मात्र हिचंच भरलेलं. आपला खरेपणा कवटाळून आपण एवढी वर्षं कोपऱ्यात बसलो, आणि ही खुशाल ओठ हलवून सगळी माणसं घेऊन गेली. रागाच्या भरात तिने पातेलं इतकं घासलं की धाकटीने ते हातातून काढून घेतलं आणि हळूच म्हणाली, "सणाचा दुसरा दिवस तू घे. त्या दिवशी माझ्यात उभं राहायची ताकद नसते."

मिस्त्रीणबाईला ती भीक वाटली. तरी तिने ती घेतली.

आता सणाच्या दुसऱ्या दिवशी सगळे तिच्याकडे येतात. जुन्या कपड्यांत, विस्कटलेल्या केसांनी, उरलेलं अन्न डब्यात घेऊन. कुणी ताठ बसत नाही. जावई जमिनीवरच आडवा होतो. नात काल ऐकलेलं देवाचं गाणं म्हणते आणि आजी ते म्हणू देते.

फक्त धाकटी येऊन खुर्चीत बसली, की सगळी खोली हळूहळू तिच्याभोवती सरकते. मिस्त्रीणबाई दारातून ते बघत राहते, ओठ घट्ट मिटून. मग सोलायच्या बटाट्यांची परात आणून ती धाकटीच्या मांडीवर ठेवते.