कोऱ्या टेपवरचे अण्णा

आमच्या कोल्हारात कुणाला भूत दिसलं की आधी माझ्या घरी चौकशी व्हायची. कारण निम्म्या वेळा ते भूत मीच असायचो! हेडमास्तरांपासून रेड्यापर्यंत कुणाचाही आवाज काढतो मी. तेव्हा असल्या गोष्टींवर माझा विश्वास किती, ते तुम्हीच ओळखा. तरी हे लिहितोय...

एकाहत्तरचा उन्हाळा. शेजारचे वसंतदादा जर्मनीहून सुट्टीवर आले होते. त्यांचे वडील, अण्णा, दिवाळीनंतर वारले, तेव्हा दादांना यायला जमलं नाही. एकुलता एक पोरगा मातीला नाही, म्हणून त्यांची आई, आमच्या काकी, त्यांच्याशी बोलायच्याच बंद झाल्या. घरात असून दादा जेवायला आमच्याकडं यायचे.

दादांनी एक चीज आणलेली – हेडफोन. एवढे मोठे, शिवाय त्यांना विजेचा वेगळा डबा.

"आत कागदाहून पातळ पडदा आहे," दादा म्हणाले. "नुसत्या विजेवर हलतो. एवढ्या पैशात बुलेट गाडी आली असती."

मी कानाला लावले. दादांनी टेपरेकॉर्डरवर सतार लावली... आणि आईशप्पथ, तारेवर बोट सरकलं ते ऐकू आलं! वाजवणाऱ्यानं श्वास घेतला, तोसुद्धा! कानावर काही आहे असंच वाटेना. माणूस समोर बसलाय, आपण त्याच्या पुढ्यात.

"तोंड मीट बाळ्या, माशी जाईल," दादा हसले. मग हळूच म्हणाले, "तू अण्णांचा आवाज काढतोस ना? टेपवर भर. आईला सांगतो जुना आहे म्हणून."

"काकींना फसवायचं?"

"एकदा ऐकू दे रे तिला. मग शिव्या दिल्या तरी चालतील. बोलेल तरी."

कोऱ्या टेपवर अर्धं मिनिट मी अण्णा झालो. खाकरलो. "अगं, ऐकलं का? च्या टाक. म्हशीला पानी दावलं का?" संपलं.

दुपारी काकींना बसवलं, पदरावरूनच हेडफोन चढवले. अर्धं मिनिट झालं. दादा टेप बंद करायला वाकले, तर काकींनी हात वर केला – थांब!

टेपच्या चकत्या फिरत होत्या. कोऱ्या. आणि काकी मान डोलावत होत्या.

"व्हय... व्हय... न्हाई, अजून न्हाई." मग चक्क लाजल्या. साठीची बाई, पदर तोंडाला लावून!

हेडफोन काढून त्यांनी दादांकडं पाहिलं. "ते इचारत्यात, पोरगं जेवलं का. ऊठ. हात धू."

दादा तिथंच ढसाढसा रडले. मायलेक चुलीकडं गेले. मी टेप मागं फिरवली आणि हेडफोन चढवले.

आधी माझाच आवाज. लाज वाटली हो, इतका खोटा. मग शांतता... आणि समोर, दोन हातांवर, कुणीतरी खाकरलं. माझ्यासारखं नाही. खरं.

"गोदे..."

एवढंच. काटा आला, पण भीती नाही वाटली. भल्या पहाटे देवळात एकट्यानं पाऊल टाकावं, तसं वाटलं.

जेवून आल्यावर दादांनी ऐकलं. माझी नक्कल, पुढं काही नाही. मी पुन्हा ऐकलं... काही नाही. आणि गोदा कोण? काकी तर लक्ष्मीबाई. दादांनाही ठाऊक नव्हतं.

पंधरा दिवसांनी काकींचे एक लांबचे भाऊ कित्येक वर्षांनी मिरजगावहून आले. उंबऱ्यातूनच हाक – "गोदाक्का!"

मी त्यांनाच गाठून विचारलं. काकींचं माहेरचं नाव ते, लग्नात बदललेलं. अण्णांनी चारचौघांत काकींना 'अगं'पलीकडं कधी हाक मारली नव्हती; एकांतात काय म्हणायचे, ते काकींनाच ठाऊक.

दादा म्हणतात, आईच्या तोंडून कधीतरी निघालं असेल, तुझ्या डोक्यात राहिलं असेल. असेलही. पण मग काकी कुणाला 'व्हय' म्हणत होत्या?

गणपतीत पोरं अजून ओरडतात, "बाळ्या, अण्णा कर!" मी म्हणतो, घसा बसलाय. दुसरं काय सांगू? ज्याचा आवाज त्याच्याकडं अजून आहे, त्याची नक्कल मी कशी करू?