खाली होऊन या

लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबीची ताटली घेऊन, "काका, धार कशी आहे?" असं विचारणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या भोपाळात होता. एकदा त्याने हे नवरीच्या मामांना विचारलं. मामा धार गावचे. म्हणाले, "छान आहे, रस्ते तेवढे खराब."

तो मूत्ररोगतज्ज्ञ; विचारायचा ती लघवीची धार. साकेत नगरात दवाखाना, पदव्यांची शेपटी नावापेक्षा लांब. लोक तिकिटं जमवतात. यानं रुग्णांचे मुतखडे बरण्यांत मांडले होते आणि घरचे दागिने दाखवावेत तसे तो ते दाखवायचा. पण खरा जीव म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटवर. "तुम्ही लोक लाजून राहता, अन् किडनी जाते," हे त्याचं पालुपद.

घराणं विदर्भातलं, तो वाढला टी. टी. नगरच्या सरकारी क्वार्टरात. मराठीत निम्मी हिंदी. आम्ही बरखेड्यातले, कारखान्यात नोकरीला आलेले पुणेकर. शुद्ध मराठीची राखण सरकारने बहुधा आमच्याकडेच सोपवली होती. त्याची वाक्यं मी त्याच्या तोंडावर दुरुस्त करायचो.

मला त्रास सुरू झाला तेव्हा त्याने सोनोग्राफी केली. एकदा मूत्राशय भरलेलं असताना, आणि लघवी करून आल्यावर पुन्हा, अशी ही तपासणी असते. पहिली झाल्यावर तो म्हणाला, "आता खाली होऊन या, काका."

हिंदीत खाली म्हणजे रिकामं, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण तो मराठीत बोलत होता, म्हणून मी सवयीने मनातल्या मनात दुरुस्ती केली: खाली जाऊन या. जिना उतरलो, फाटकापाशी उभा राहिलो, वर आलो.

दुसऱ्या तपासणीत तो गंभीर झाला. "एवढी लघवी उरून राहिली? ऑपरेशन लागेल, काका."

संध्याकाळी मराठी मंडळात मी जाहीर केलं, की हा माणूस कापायला टपलाय. सकाळी त्याचाच फोन.

"काका, हिशोब जमत नाही, दोन्ही आकडे सारखेच. काल मधात बाथरूमला गेले होते ना?"

"तुम्ही खाली जायला सांगितलंत."

तो हसतच सुटला. पुन्हा तपासलं, गोळीवर भागलं. "माझी मराठीच खराब आहे, काका," म्हणाला. मी ते मोठ्या मनाने मान्य केलं.

मंडळात मात्र हा फोन मी कधीच सांगितला नाही. फोनशिवाय गोष्ट जास्त रंगते: तो 'खाली' म्हणाला, मी जिना उतरलो, आणि तो सुरी घेऊन तयार. दर गणपतीत तिची फर्माईश व्हायची.

शेजारचे देशपांडे सगळ्यांत मोठ्याने हसायचे. त्यांनाही तोच त्रास. पण कापणाऱ्याकडे कोण जाणार? लघवी पार बंद झाली, तेव्हा मीच त्यांना तिथे नेलं. नळी घालून त्याने जीव वाचवला. किडन्या गेल्या होत्या. बाहेर येऊन त्याने मला विचारलं, "इतके दिवस का थांबून राहिले हे?"

"लाजतात हो," मी म्हणालो.

यंदा तो झोपेतच गेला. शोकसभेत मंडळाच्या सचिवांनी मला पुढे बोलावलं. "काका, ती खाली जाण्याची गंमत सांगा. डॉक्टरसाहेबांनाही आवडली असती."

पहिल्या रांगेत देशपांडे होते, डायलिसिसच्या हाताला पट्टी, आधीच हसू लागलेले. मी फोनपासून सुरुवात केली. फोन, गोळी, देशपांडे कोणामुळे थांबले ते, सगळं सांगितलं. कोणी हसलं नाही. देशपांडे तेवढे ओठांवरचं हसू तसंच धरून बसले होते, गंमत पुढे येईल म्हणून.